दिवाळीपासून डवरणीपर्यंत वाचलेल्या खुनाच्या कादंबऱ्या : वापरानंतरचा अनुभव

मागच्या दिवाळीपासून मी जवळजवळ फक्त खुनाच्याच कादंबऱ्या वाचून राहिलो. मराठी, हिंदी, इंग्रजी, जपानी लेखकांच्या इंग्रजीत आलेल्या, जे हाती लागलं ते. आता कपाशीची डवरणी, म्हणजे कोळपणी, सुरू झाली, दुकानात खताची गर्दी आहे, वाचन आपोआप मागे पडलं, तर म्हटलं इतक्या महिन्यांत काय टिकलं, काय अर्ध्यात सोडलं आणि पुढे वाचायला काय काढून ठेवलंय ते एकदाचं लिहून काढू. लांबलचक होणार आहे, सावकाश वाचा. खुनी कोण ते कुठेच सांगणार नाही. एका ठिकाणी विषाचं नाव कळलं तर मजा जाते, तिथं आधी सांगतो.

माझं दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. म्हणजे मी बसतो त्या खुर्चीच्या मागच्या रॅकवर लाल त्रिकोण, पिवळा त्रिकोण, निळा, हिरवा अशा लेबलच्या बाटल्या लावलेल्या असतात, लाल सगळ्यात जहाल आणि मग उतरत्या क्रमानं. स्टॉक रजिस्टर रोज लिहावं लागते, कोणाला काय दिलं त्याचं बिल फाडावं लागते. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले ते दिवस मी जवळून पाहिले. दवाखान्यात नेलेल्या माणसाच्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली, तोंडाला फेस, अंगाला घाम, आणि डॉक्टर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनवर अ‍ॅट्रोपिन देऊन राहिले. म्हणून कादंबरीत कोणी दुधाचा घोट घेतला आणि गळा धरून खाली पडला, असं आलं की माझा लेखकावरचा विश्वास तिथंच संपते. विष असं काम करत नाही.

वाचायची सोय आधी सांगतो कारण गावात तोच पहिला प्रश्न. आमच्या गावात ड वर्गाचं वाचनालय आहे, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे अनुदान घेणारं, संध्याकाळी उघडते, पेपर वाचायला चार म्हातारे आणि स्पर्धा परीक्षेचे पोट्टे. कपाटात खालच्या कप्प्यात जुन्या रहस्यकथांचा ढीग होता, त्यातूनच माझी सुरुवात झाली. इंग्रजी पुस्तकं मात्र मी सेकंडहँड घेतलेल्या ई-रीडरवर वाचतो. महिनोन्‌महिने वापरल्यावरचं मत असं की खेड्यात राहणाऱ्या वाचणाऱ्या माणसासाठी यापेक्षा चांगली वस्तू नाही. एकदा चार्ज केला की कितीतरी दिवस जाते, लाइन नसली तरी आतला उजेड पुरते, भर दुपारी दुकानाच्या ओट्यावर उन्हातही अक्षर दिसते, आणि शब्द अडला तर बोट ठेवलं की अर्थ. मोबाईलवर पण वाचून पाहिलं पण दर दोन पानांनी कोणाचा तरी फोन, युरिया आला का. खुनाच्या कादंबरीत धागा तुटला की सगळं गेलं. मराठी ई-पुस्तकांचं अजून तितकं जमत नाही, काहींत जोडाक्षरं तुटतात, र्‍य च्या जागी भलतंच काहीतरी येते, म्हणून मराठी मी छापीलच वाचतो.

तर वाचनालयातला तो ढीग. बाबुराव अर्नाळकर. या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार, काळापहाड, धनंजय हे सगळे नायक त्यांचेच. माझे काका सांगत की यवतमाळहून यष्टीत बसलं की घर येईस्तोवर एक संपायची, आणि ते खरंच आहे, वेग असा की पान उलटल्याशिवाय राहवतच नाही. गुरुनाथ नाईकांचंही तसंच, तेही हजारावर, आणि सुहास शिरवळकरांच्या मंदार पटवर्धन, फिरोज इराणी यांच्या कथा, ज्यांची भाषा मला आजही ताजी वाटते. या तिघांना मी मनापासून मानतो, कारण महाराष्ट्रात कितीतरी माणसांना वाचायची गोडी यांनी लावली, अजून कोणी नाही. पण खुनाची कादंबरी म्हणून पाहिलं तर एक गोष्ट राहते. त्यात नायक धावतो, वेषांतर करतो, मारामारी करतो आणि मग शेवटी आपल्याला सांगतो, आपल्यासमोर सगळे पत्ते उघडे नसतात. इंग्लंडात १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या पाद्री लेखकाने दहा नियम मांडले होते, त्यातला एक असा की गुप्तहेराला जो पुरावा सापडला तो लगेच वाचकालाही दिसला पाहिजे. हा नियम डोक्यात ठेवून वाचायला लागलो तेव्हापासून मी पेन्सिल घेऊन बसतो, आणि मजा दुप्पट झाली.

मग अगाथा ख्रिस्ती. सगळ्या नाही वाचल्या, तिच्या रहस्य कादंबऱ्याच ६६ आहेत, पण बऱ्याच वाचल्या. पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स', १९२० ची. बाई पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या हॉस्पिटलात आधी नर्स होती, मग औषधाच्या खोलीत, औषधं मिसळायची परीक्षासुद्धा पास झालेली, आणि ते पानापानावर कळते. खून स्ट्रिक्नीनने होतो, म्हणजे आपल्या कुचल्याच्या बियांमधलं विष, ज्याची झाडं चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलात आहेत. पण मी खिळलो ते दुसऱ्याच जागी. गावातल्या औषधाच्या दुकानात कोणीतरी येते, कुत्र्याला मारायला स्ट्रिक्नीन पाहिजे म्हणते, आणि दुकानदार कायद्याप्रमाणे वहीत सही घेते. सही मेलेल्या बाईच्या नवऱ्याच्या नावाची. आणि दुकानातला पोरगा नवीन, आधीचा लढाईवर गेलेला, त्यामुळे तो गावातल्या माणसांना अजून तोंडाने ओळखत नाही. हे वाचताना मी माझंच रजिस्टर उघडून पाहिलं. मी नसताना दुकानात बसणारा पोरगा बाहेरगावचा आहे, त्याला अजून गावातले दोन सारख्या आडनावाचे लोक वेगळे करता येत नाहीत, बिलावर तो गिऱ्हाईक सांगेल ते नाव लिहिते. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या खेड्यातली भानगड माझ्या काउंटरवर येऊन बसली. मग शोधत गेलो तर कळलं की तिथं १८५१ पासूनच सोमल, म्हणजे आर्सेनिक, विकताना खरेदीदाराचं नाव लिहायचा कायदा होता, ओळखीशिवाय द्यायचंच नाही, आणि पांढऱ्या भुकटीत काजळी नाहीतर नीळ मिसळायची म्हणजे साखरेसारखी दिसणार नाही. त्या पोराला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, फोन नंबर लिहिल्याशिवाय लाल त्रिकोणाची बाटली द्यायची नाही.

आता ज्यांना तिची 'द पेल हॉर्स' कोरी वाचायची आहे त्यांनी हा पॅरा सोडा. १९६१ ची. त्यातलं विष थॅलियम नावाचा धातू आहे, आणि लक्षणं इतकी नेमकी लिहिलीत की १९७७ साली कतारहून लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात आणलेल्या एका लेकराला काय झालंय ते डॉक्टरांना उमगेना तेव्हा तिथल्या एका नर्सला, जी नेमकी हीच कादंबरी वाचत होती, केस गळताना पाहून थॅलियम आठवलं, तपासणी केली, तेच निघालं आणि लेकरू वाचलं. आणि आपल्याकडे २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यात एकाच घरातले पाच जण थोड्या थोड्या दिवसांनी गेले तेव्हा तपासात हेच नाव पेपरात आलं. मी ती कादंबरी त्यानंतर वाचली, त्यामुळे रात्री पुस्तक बाजूला ठेवावं लागलं. कथा म्हणून मधे रेंगाळते, जादूटोण्याचा भाग मला लांबवलेला वाटला, पण वाचाच.

ख्रिस्तीची आमच्या घरात सगळ्यात चाललेली कादंबरी म्हणजे 'अ मर्डर इज अनाउन्स्ड', १९५० ची. चालली म्हणजे मी रात्री जेवण झाल्यावर आईला आणि बायकोला सांगायचो, एक-दोन प्रकरणं, वऱ्हाडीत. एका खेड्यात सकाळी पेपर येते आणि त्यात जाहिरात, अमुक घरी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला खून होणार आहे, हेच आमंत्रण समजावं. घरमालकीण चकित, आणि साडेसहा वाजता सगळं गाव काही ना काही निमित्त काढून तिच्या घरी हजर. कोणी म्हणे इकडूनच चाललो होतो, कोणी म्हणे हीटर सुरू केला का तुम्ही यंदा. आई इथंच रंगात आली कारण हे तिला सांगावंच लागलं नाही, गावात कोणाच्या घरी भांडण झालं की विरजण मागायला जाणाऱ्या बाया तिला नावानिशी माहीत आहेत. नावं लक्षात राहीनात म्हणून तिने सगळ्यांची बदलून टाकली, घरमालकीण मिस ब्लॅकलॉकची काळेबाई झाली, खून उलगडणारी, विणकाम करत बसणारी मिस मार्पल म्हणजे सुईवाली बुढी. बरोबर साडेसहाला दिवे जातात, दार उघडते, बॅटरीचा झोत येते, गोळ्या सुटतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येकजण पोलिसांना छातीठोक सांगते की मी असं पाहिलं, मी तसं पाहिलं. मी एवढं सांगून थांबलो तर आई म्हणे, "लाइन गेल्यावर कोणाले काय दिसते बापू, ज्याच्या हाती बॅटरी त्यालेच दिसते. बाकीच्यायच्या त डोयावर झोत." तिच्या या वाक्यावर मी पुढची सगळी कादंबरी वाचली आणि वाचकाने कुठं पाहायला पाहिजे होतं ते तिने बसल्या जागी सांगून टाकलं होतं. चौथी शिकलेली आहे ती.

त्याच कादंबरीत मिस मार्पल म्हणते ते मला फार पटलं, की दुसऱ्या महायुद्धाच्या आधी गावात नवीन माणूस आला तर त्याची ओळख सांगणारं पत्र, पाहुणे, कोणीतरी असायचंच, आता माणूस आपलं जे सांगेल तेच खरं धरावं लागते. मिस मार्पल पोलीस नाही, पैसे घेणारी गुप्तहेर नाही. तिला फक्त तिच्या गावातली माणसं माहीत असतात आणि खुनी माणूस पाहिला की तिला गावातलं तसंच कोणीतरी आठवते. इतकं वाचल्यावर माझं ठाम मत झालं की खुनाची कादंबरी शहरापेक्षा खेड्यात जास्त खरी वाटते. शहरात खुनी शोधावा लागते. खेड्यात बहुतेक वेळा चार जणांना थोडं थोडं माहीत असते आणि ते चौघं एकमेकांशी बोलत नाहीत, कारण एकाचा बांधावरून वाद, एकाची सोयरीक, एकाची उधारी. गुप्तहेराचं काम त्या चौघांचं एका जागी आणायचं.

हे सगळ्यात जोरात जाणवलं ते सेइशी योकोमिझोच्या 'द होन्जिन मर्डर्स' मध्ये. माझ्या यादीत हीच एक नंबर. मूळ १९४६ ची, इंग्रजीत आली २०१९ मध्ये. १९३७ चा हिवाळा, जपानच्या ओकायामाकडचं खेडं, तिथलं इचियानागी घराणं, ज्यांच्या पूर्वजांच्या वाड्यात एकेकाळी सरदार लोक प्रवासात मुक्कामाला उतरत आणि त्याचा अभिमान अजून गेलेला नाही. थोरल्या मुलाने लग्न ठरवलं ते कुळाच्या घरातल्या मुलीशी, म्हणजे बाप एकेकाळी दुसऱ्याची जमीन कसणारा, मग अमेरिकेत जाऊन कमावून आलेला. घरचे सगळे नाराज. लग्नाच्या रात्री किंचाळी ऐकू येते, कोतो नावाच्या वाद्याच्या तारा कोणीतरी जोरात ओढल्याचा आवाज, दार आतून बंद, बाहेर बर्फ पडलेला, बर्फावर पाऊल नाही, तलवार अंगणात रुतलेली. आणि आदल्या दिवसांत गावात तीन बोटांचा एक अनोळखी माणूस त्या वाड्याचा रस्ता विचारत होता.

बंद खोलीचं कोडं भारी आहे, पण मला धरून ठेवलं ते सोयरिकीने. आपल्याकडे देशमुखी वाड्यातलं पोरगं कुळाच्या घरी सोयरीक करते म्हटल्यावर काय होते ते मी पाहिलेलं आहे, अजूनही होते, फक्त आता बोलणं फोनवर होते. वाड्यातली म्हातारी सासू, ओसरीवर बसून मत देणारे चुलते, नव्या सुनेच्या बापाचं नाव काढताना आवाजात येणारा तो फरक, हे एका जपानी माणसाने इतकं बरोबर लिहिलंय की बायको म्हणाली, हे तुम्ही आपल्याकडचंच सांगून राहिले ना. ज्या साली कादंबरी आली त्याच सुमारास जपानमध्ये जमीनदारी मोडून कुळांना जमिनी द्यायचं काम सुरू झालं, आपल्या विदर्भाचा कुळ कायदा १९५८ चा. म्हणजे लेखक जे घराणं दाखवते त्याच्या पायाखालची जमीन त्याच वेळी खरोखर सरकत होती. गुप्तहेर किंदाइची म्हणजे विस्कटलेल्या केसांचा तरुण, डोकं खाजवते, बोलताना अडखळते, गावातली मोठी माणसं त्याला मोजतच नाहीत, आणि म्हणून त्याच्यासमोर बिनधास्त बोलतात. सुरुवातीला नावं जड जातात, एका कागदावर वंशावळ काढून घ्या, सातबाऱ्यावर वारसांची नावं लावतो तशी. नंतर अडत नाही.

केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' वेगळ्याच जातीची. खून कोणी केला ते सुरुवातीलाच आपल्यासमोर होते. शेजारी राहणारा गणिताचा मास्तर ते लपवायला मदत करते, आणि आपण पूर्ण पुस्तकभर त्याच्या बाजूने असतो. 'जाने जान' सिनेमा यावरूनच आला २०२३ मध्ये, पण आधी पुस्तक वाचा. शेवट वाचून मी गल्ला मोजायचा विसरलो त्या रात्री. ब्योमकेश बक्षी सगळ्यांना टीव्हीमुळे माहीत आहे, १९९३ चा, रजित कपूरचा. शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या कथा छोट्या आहेत, एका बसणीत होतात, आणि बंगाली मध्यमवर्गीय घर, मृत्युपत्र, एकत्र कुटुंब हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. नवीन माणसाला मी इथूनच सुरू करायला सांगतो. रिचर्ड ऑसमनच्या 'थर्सडे मर्डर क्लब' मधले चार म्हातारे-म्हाताऱ्या गोड आहेत, २०२० पासून ही मालिका सुरू आहे, कोडं मात्र साधारण. पण म्हातारपण, नवऱ्याचं विसरत जाणं सांभाळणारी बायको, हे भाग इतके हळुवार आहेत की कोड्याची कमी भरून निघते.

न जमलेलं सांगायचं तर साखळी खून करणाऱ्या वेड्या माणसाच्या जाड इंग्रजी थ्रिलर. तीन-चार अर्ध्यात सोडल्या. मेलेल्या बाईच्या अंगाचं वर्णन दोन-दोन पानं, आणि ती कोण होती, तिच्या घरी कोण रडलं, याला दोन ओळी. खेड्यात माणूस मेला की तेरवीपर्यंत त्याचीच गोष्ट चालते, मला तशीच कादंबरी पाहिजे. दुसरी तक्रार अनुवादांची. एका मराठी अनुवादाच्या मागच्या कव्हरवर जो मजकूर छापला त्यात कोण निर्दोष आहे तेच लिहून टाकलं होतं, म्हणजे संशयितांतला एक मुद्रकानेच वजा केला. आणखी एकात इंग्रजी खेड्यातले नोकरचाकर पुणेरी बोलतात आणि मालकही तेच बोलतो, मग कोण कोणाला दबून आहे ते कळतच नाही, आणि खुनाच्या गोष्टीत ते कळणं फार गरजेचं असते. अनुवाद घेताना कव्हर न वाचता मधलं एक संवादाचं पान वाचून पाहा.

आणि मग आपली मराठी. हे मी कळकळीने लिहून राहिलो. आपल्या खेड्यात या कादंबरीला लागणारं सगळं तयार आहे. पोलीस पाटील आहे, ज्याला पहिली खबर द्यावी लागते आणि जो अर्ध्या गावाचा सोयरा असते. ठाण्यात आधी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होते, पंचनाम्याला पंच म्हणून सही करायला कोणी पुढे येत नाही, ग्रामीण रुग्णालयात पीएम म्हणजे शवविच्छेदन, डॉक्टर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात, तो नागपूरच्या नाहीतर अमरावतीच्या प्रयोगशाळेत जाते आणि रिपोर्ट येईस्तोवर एक हंगाम निघून जाते. त्या एका हंगामात गाव काय काय बोलते, कोण गाव सोडते, कोणाचं कर्ज अचानक फिटते, यावर एक अख्खी कादंबरी उभी राहते. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम ३०२ जाऊन १०३ आलं, जुन्या हवालदाराच्या तोंडी अजून ३०२ च आहे, एवढ्या एका गोष्टीने तो माणूस डोळ्यासमोर उभा राहते. हे लिहिणारा वऱ्हाडात कोणीतरी नक्की बसलेला आहे, मला त्याची कादंबरी पाहिजे.

तोवर माझी पुढची यादी तयार आहे. पहिला नंबर योकोमिझोचीच 'द व्हिलेज ऑफ एट ग्रेव्हज', डोंगरातलं गाव, जुन्या काळी सोन्यासाठी मारलेले आठ सामुराई आणि त्यांचा शाप. मग त्याचीच बेटावरची गोकुमोनची गोष्ट. युकितो आयात्सुजीची १९८७ ची 'द डेकागॉन हाऊस मर्डर्स' ई-रीडरवर घेऊन ठेवली, पण त्याआधी ख्रिस्तीची बेटावरची १९३९ ची 'अँड देन देअर वेअर नन' पुन्हा वाचणार, कारण दोन्ही लागोपाठ वाचायच्या असं ठरवलंय. ऑसमनची पाचवी 'द इम्पॉसिबल फॉर्च्युन' सप्टेंबर २०२५ मध्ये आली, ती बायकोसाठी, तिला त्या म्हाताऱ्यांचं पुढे काय झालं ते पाहिजे. आईने सुईवाल्या बुढीची दुसरी गोष्ट मागितली आहे, तिच्यासाठी 'द मूव्हिंग फिंगर' काढली, गावात निनावी पत्रं येतात ती. फवारणीचा जोर ओसरला की पोळ्याच्या आसपास सांगायला सुरू करतो, तोवर मला पात्रांची नावं आपल्याकडची करून ठेवायची आहेत.